आय, विडी तू कुणासाठी सोडलीस?

आय, परवा तुझं उत्तरकार्य झालं. जेवून उठलेला जो तो हात धुता धुता मला एकच वाक्य सांगत होता, "लेकासाठी विडी सोडली म्हातारीनं. आई ती आईच." मी मान हलवत होते, पानसुपारी पुढे करत होते, आणि दर वेळी तुझा आवाज कानात येत होता, "खोटं हाय. सांग त्याला."

सांगितलं नाही मी. कार्याच्या दिवशी कुणाशी हुज्जत घालायची? तू मात्र घातली असतीस. स्वतःच्या कार्यात पदर खोचून पंगतीच्या मध्ये उभी राहिली असतीस. आणि आता ते तू करू शकणार नाहीस, हे त्याच क्षणी मला लख्ख कळलं. पहिल्यांदा खरं रडू आलं ते तेव्हा. तोपर्यंत पाहुण्यांच्या चहापाण्यात रडायला सवड कुठे होती?

मी भिवंडीतल्या धामणकर नाक्याची, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली. लग्न होऊन वडप्याला आले तेव्हा सासूशी 'अहो आई' म्हणून बोलायचं, हे माहेरून पढवून पाठवलं होतं. पहिल्याच सकाळी मागच्या पडवीत आले तर तू उकिडवी बसून विडी ओढत होतीस. मी दारातच थबकले. बायका विडी ओढतात हे मला ठाऊक होतं. सासू ओढते हे ठाऊक नव्हतं. तू धूर सोडलास, सरकून मला जागा दिलीस आणि म्हणालीस, "मना अहो-जाहो करू नको. माझ्याच घरात पाव्हनी झाल्यासारखं वाटतं. आय म्हन, नि तू म्हन."

तेव्हापासून तू माझी आय.

लहानपणी दाढ दुखत होती म्हणून तुझ्या आत्याने तुला पहिली विडी दिली होती. दाढ कधीच पडून गेली, विडी राहिली. हायवेकडच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, बैल गेले, सासरे गेले, विडी राहिली. गोदामाच्या भिंतीला लागून उरलेल्या तुकड्यात तू भेंडी, मिरची, वाल लावायचीस. शेजारची काशीबाय आणि तू, दोघी तिथेच बांधावर बसून ओढायचात. तुझा खोकला घराच्या आवाजांपैकीच एक होता. तो थांबला तर मी बाहेर येऊन बघायचे, आय कुठे गेली म्हणून.

मग हरेशचं झालं. तुझा एकुलता एक लेक, माझा नवरा. गोदामात सुपरवायझर, ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारून उतरणारा माणूस. त्याचे पाय सुजायला लागले, अन्नावरची वासना उडाली, दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागला. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक, त्याने कधी मोजून घेतलाच नव्हता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. भिवंडीत डायलिसिस सुरू झालं. ठाण्याच्या इस्पितळात सांगितलं की किडनी बदलली तर हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होईल, आणि घरातल्या कुणाची मिळाली तर उत्तम. मी दंड पुढे केला. माझा रक्तगट जुळला नाही.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तू वाल सोलत बसली होतीस. सूप बाजूला सारलंस.

"माझी बघा."

"आय, तुझं वय बघ ना जरा."

"वय माझं हाय. किडनीला काय वाटतं ते डॉक्टरला बघू दे."

आणि डॉक्टरने बघितली. एकेक तपासणी होत गेली तसे ते चकित होत गेले. रक्तदाब चांगला, साखर नाही, किडन्या ठणठणीत. शेवटी त्यांनी तुला एका नळीत फुंकायला दिलं. तू जोर करून फुंकलंस आणि असा खोकला लागला की नर्स पाणी घेऊन धावली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची किडनी मी आनंदाने घेईन. पण छाती अशी असताना तुम्हाला भूल द्यायची माझी हिंमत नाही. विडी पूर्ण बंद करा, मग या. एक झुरकासुद्धा नाही."

"झाली बंद," तू म्हणालीस. इस्पितळाच्या फाटकाशी कमरेचं बंडल काढलंस आणि आगपेटीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलंस.

लोकांच्या गोष्टीत विषय इथेच संपतो. परवा पंगतीतही इथेच संपला. त्यापुढचं त्यांना ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगायला नको वाटतं. त्यापुढे तू हरलीस, आय. आठवडाभरसुद्धा टिकली नाहीस.

हरेश डायलिसिसहून यायचा, पिळून काढलेल्या फडक्यासारखा. पलंगावर पडायचा. तू त्याच्या पायाशी जरा वेळ बसायचीस आणि मग काहीतरी निमित्त काढून मागच्या दाराने निघून जायचीस. परत यायचीस तेव्हा पदराला वास असायचा. हरेशला कळायचं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा तुझी नणंद समाचाराला आली होती. भर घरात म्हणाली, "लेकाच्या जिवापेक्षा विडी गोड लागते का गो तुला?" तू उठलीस आणि बाहेर गेलीस. मला वाटलं तू रडायला गेली असशील. मी मागे आले, तर भिंतीआड बसून तू एक संपवून दुसरी पेटवत होतीस.

मी शेजारी बसले. तू विडी लपवली नाहीस.

"बोल," तू म्हणालीस. "तू पन बोल."

"मी काही बोलायला नाही आले."

मग तू जे बोललीस ते मी जन्मात विसरणार नाही. "संगी, त्याला तसा पडलेला बघितला ना, का माझा जीव घाबरा होतो. जीव घाबरा झाला का हात आपोआप बंडलाकडं जातो. तुमी सगली म्हनता, त्याच्यासाठी सोड. अगं, त्याच्याचपायी तं ओढते मी."

विडी सोडण्याचं जगातलं सगळ्यांत मोठं कारण तुझ्यासमोर पलंगावर पडलेलं होतं, आणि तेच कारण तुला विडीकडे ढकलत होतं. पुढच्या वेळी ठाण्याला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी आपल्याला व्यसन सोडवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. माझ्याहून लहान असतील त्या. त्यांनी तुला ना फुप्फुसांची चित्रं दाखवली, ना रागावल्या. विचारलं, "मुलाचं आपण जरा बाजूला ठेवू. विडीने तुमचं स्वतःचं काय नेलं? त्यातलं काय परत हवंय?"

"या वयात मना काय पायजे?"

"या वयातच सांगा."

त्यांनी तलफ आली की चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या, आपण निघालो. बसमध्ये तू गप्प. धामणकर नाक्याला उतरून शेअर रिक्षात बसलो तेव्हाही गप्प. चौकात सगळं तुंबलेलं, चारही बाजूंनी हॉर्न, गल्लीतून लूमचा खडखडाट. त्या गोंधळात तू एकदम म्हणालीस, "आवाज."

"काय गं?"

"आवाज पायजे!"

"काय म्हणतेस? ऐकू येत नाही!"

"अगं, मना आवाज पायजे, आवाज!" तू जीव खाऊन ओरडलीस.

रिक्षावाला वैतागून मागे वळला, "खाला, बजा तो रहा हूँ हॉर्न! और कितना आवाज चाहिए?"

मी हसता हसता तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतीस. डोळे भरले होते.

पडघ्याकडच्या रस्त्याला लागल्यावर, मोकळ्या हवेत, तू मला ते सांगितलंस. तू धवलारीण होतीस. माझ्या माहेरी ही पद्धत नव्हती, मला लग्न होऊन इथे आल्यावर कळलं की इकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती हळदीपासून धवले गात असते, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. पण माझी सासू एके काळी गावोगाव बोलावणं असलेली धवलारीण होती, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज फाटत गेला, दम पुरेना, लोकांनी बोलावणं सोडलं आणि तूही विषय सोडलास.

"हरेशच्या लग्नात धवले म्हनायला मना बाहेरची बाई आनायला लागली," तू म्हणालीस. "माझ्याच पोराच्या लग्नात."

मला ती बाई आठवली. आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली, तोंडाला पदर लावलेली तूही आठवलीस. तेव्हा मला वाटलं होतं, सासूबाई जरा तुसड्या आहेत.

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा सोडलीस. या वेळी फाटकाशी नाटक नाही, कुणाला सांगणं नाही. सकाळच्या चहानंतरची विडी सगळ्यांत अवघड, म्हणून तू चहाच उशिरा घ्यायला लागलीस. उठल्याउठल्या भाजीला पाणी घालायला जायचीस. काशीबायला सांगितलंस, "माझ्या शेजारी बसायचं तं बस, पन बंडल घरी ठेवून ये." ती रुसली, थोडे दिवस आली नाही, मग बंडल न घेता आली. तुझा मिजाज मात्र काय वर्णावा! मीठ कमी पडलं म्हणून तू पळी भिरकावलीस, कोंबड्यांना शिव्या दिल्यास, टीव्ही लावला की बंद केलास. हरेश पलंगावरून म्हणाला, "आय, त्यापेक्षा ओढ गो एक." तू त्याच्यावर अशी खेकसलीस की तो कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला.

खोकला आधी वाढला. तू घाबरलीस, मीही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छाती साफ होतेय, होऊ द्या. तलफ आली की तू तोंडात गोळी टाकायचीस आणि बांधावर बसून गुणगुणायचीस. सूर नव्हताच तो, नुसती घरघर. ओळ अर्ध्यावर तुटायची. तू थांबून श्वास घ्यायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचीस. शिवी देऊन पुन्हा धरायचीस.

आणि मग ती सकाळ. मी हरेशची पथ्याची भाजी परतत होते. मागून आवाज आला. मला वाटलं काशीबायच्या घरी रेडिओ लागलाय. गॅस बारीक करून दाराशी गेले, तर तू भेंडी तोडता तोडता गात होतीस. एक अख्खी ओळ, मग दुसरी, कुठेही न तुटता. जाडाभरडा, खालच्या पट्टीतला, पण सलग आवाज. काशीबाय बांधावर तोंडावर हात ठेवून बसली होती. मी आत वळले तर हरेश भिंतीला धरून उभा. "आय गाते?" तो म्हणाला. "मी शालेत होतो तेव्हा गायची." आणि तो माणूस, जो स्वतःच्या आजारपणात एकदाही रडला नव्हता, तो भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला.

त्या दिवसानंतर तुला कुणी विडीबद्दल काही सांगायची गरज उरली नाही. तुला तुझं कारण गवसलं होतं, आणि ते तुझ्याच गळ्यात होतं.

नळीत फुंकायची तपासणी पुन्हा झाली. तू फुंकलंस, आणि डॉक्टरांनी यंत्राकडे बघून नर्सला विचारलं, "याच आजी ना त्या?" मग मंजुरी देणाऱ्या साहेबांच्या समोर तुला बसवलं. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव आहे का?" तू म्हणालीस, "हाय तो माझा त्यांच्यावर." सगळे हसले. तू हसली नाहीस, तू खरंच बोलत होतीस.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फार काही आठवत नाही. मी बाकड्यावर बसून होते एवढंच. पण हरेशला बाहेर आणल्यानंतर पलंगाला लटकवलेली पिशवी आठवते. ती भरत होती. नवी किडनी लागलीच कामाला लागली होती. नर्सने पिशवी उचलून दाखवली आणि मी, हरेशचा चुलतभाऊ, त्याची बायको, आम्ही लघवीच्या पिशवीकडे बघून टाळ्या वाजवल्या, आय! बाजूच्या खाटेवरच्या पेशंटच्या घरच्यांनीही वाजवल्या. तुला शुद्ध आल्यावर मी तुझ्या कानात सांगितलं, "तुझी किडनी चालू झाली." तू डोळे न उघडता म्हणालीस, "माझी हाय, चालनारच."

हरेश पुन्हा गोदामात जायला लागला. गावाने तुझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, खुर्च्या, माईक. बोलणारा प्रत्येक जण मातृप्रेमावर घसरत होता. तू खुर्चीत चुळबुळत होतीस. शेवटी उठून तू माईक हातात घेतलास आणि म्हणालीस, "खोटं नका बोलू. किडनी लेकाला दिली, ती लेकासाठी दिली. विडी सोडली ती माझ्यासाठी. लेकासाठी सोडायला गेले तं न्हाय सुटली. ज्याला सोडायची हाय त्यानं आपलं काय गेलंय ते बघा, मंग सोडा."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. समोर बसलेली काशीबाय एकटी मोठ्याने हसली. आणि तू माईक खाली न ठेवता धवला सुरू केलास.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, आय, हरेश आजारी पडला नसता तर तू कधी सोडली असतीस? तू म्हणायचीस, न्हाय सोडली असती. मी म्हणायचे, मग झालं की, त्याच्यासाठीच सोडलीस. तू म्हणायचीस, त्याच्या आजारानं मना दार दाखवलं, चालले मी माझ्या पायानं. भांडी घासताना, भाजी निवडताना, लग्नांना जाताना जीपमध्ये, किती वर्षं आपण भांडलो! तुझ्या भावाच्या मयताहून आलीस त्या दुपारी मी गप्प बसले होते, कारण तू काशीबायकडून एक विडी मागून आणली होतीस. न पेटवता हातात धरून बसलीस. मी घरातून बघत होते, बाहेर आले नाही. तू ती नाकाशी नेलीस, बोटांनी चुरगळलीस, तंबाखू मातीत झटकलास आणि भावाचं नाव घेऊन गायला लागलीस. तेव्हा मला पटलं होतं की तुझंच खरं. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर वाद संपला असता, आणि तो संपावा असं मला वाटत नव्हतं.

पडघ्यापासून पार शहापूरच्या अलीकडच्या गावांपर्यंत तुला बोलावणी यायला लागली. एका किडनीवर आणि धुतलेल्या छातीवर तू हळदी गाजवल्यास. गेल्या लगीनसराईतही मांडवात उभी राहून गायलीस, खुर्ची नाकारून. आणि त्या दिवशी दुपारी जेवलीस, भाजीला पाणी घालायला लवकर उठव म्हणून मला सांगितलंस आणि पडलीस. मी उठवायला आले तर तू गेली होतीस. ना खोकला, ना धाप, ना नाकाला नळी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. चेहरा असा होता की पुढची ओळ आठवत असावीस.

कार्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, हरेशची नेहमीची तपासणी होती. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. तो म्हणाला, "न्हाय. आयची वस्तू हाय, चुकवायची न्हाय." गेलो. डोक्याचे केस उतरवलेले होते, म्हणून त्याने टोपी घातली होती. रिपोर्ट उत्तम आले. इतकी वर्षं आपल्याला ओळखणारी ती नर्स, तिला काही ठाऊक नव्हतं. रक्त काढलेल्या जागी कापूस दाबता दाबता तिने सवयीने विचारलं, "आणि आई कशा आहेत?"

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे तुझी किडनी बसवलेली आहे तिथे, अलगद ठेवला आणि हसून म्हणाला, "मजेत हाय."